मदत हवी आहे : डिकीवरचं ‘लाइन’ काढू द्यावं का?

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितोय. धाकट्या भावाने २०२१ची ह्युंदाई आय-२० एन लाइन ही गाडी सेकंडहँड घेतली. आता डिकीवरचं ‘लाइन’ काढून नुसतं ‘एन’ ठेवायचं म्हणतो. काल हेअर ड्रायर अन् दोरा घेऊनच बसला होता! मला हे पटत नाही. खरी आय-२० एन म्हणजे याच गाडीची जास्त ताकदवान आवृत्ती : १.६ लिटर टर्बो इंजिन, ताकद २०४ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर). ती भारतात विकायला आलीच नाही. आपली एन लाइन १.० लिटर टर्बो, १२० पीएस. पण चारही चाकांना डिस्क ब्रेक, सस्पेन्शन कडक; आहे ती गाडी काय वाईट आहे?

एवढंच सांगा, आपल्याकडच्या उन्हात राहिलेल्या गाडीवरून अक्षरं काढली तर खाली ठसा राहतो का? आणि त्याला समजवायचं कसं?