तीन डॉक्टर, तीन औषधे आणि वडिलांची चक्कर: नाशिकमध्ये कोणाला दाखवावे?

गंगापूररोडकर

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन आणि काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब अशी औषधे त्यांना तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली आहेत. अलीकडे रात्री लघवीसाठी उठले की त्यांना गरगरते. त्यातच थंडीत सर्दी झाली म्हणून दुकानातून आणलेली गोळी घेतल्यावर त्यांची लघवी अडली आणि नळी घालावी लागली. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही करायची आहे. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे की हृदयरोगतज्ज्ञांकडे, आणि त्यांना नेमके काय विचारावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

दिंडोरीचा औषधवाला

मी डॉक्टर नाही, औषधांचे दुकान चालवतो. परंतु आपण लिहिलेल्या चारही गोष्टी एकाच यंत्रणेवर, म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेवर काम करतात, हे आधी लक्षात घ्यावे. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा ताण, बाहुली, आतडी, मूत्राशय हे सारे आपल्या इच्छेविना सांभाळणाऱ्या या संस्थेच्या दोन मुख्य शाखा आहेत. अनुकंपी शाखा प्रामुख्याने नॉरॲड्रेनलिनच्या साहाय्याने शरीराला धावपळीसाठी सज्ज करते, तर परानुकंपी शाखा ॲसिटिलकोलीनच्या साहाय्याने पचन, लाळ, लघवी अशी निवांतपणाची कामे चालवते. चेतातंतूंचा निरोप रसायनाच्या रूपाने पोहोचतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवले, आणि त्याबद्दल त्यांना १९३६ चे नोबेल हेन्री डेल यांच्यासह मिळाले.

आता सर्दीच्या गोळीकडे पाहू. अशा गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन असतात. पहिले ॲसिटिलकोलीनला अडवते, त्यामुळे मूत्राशयाचा स्नायू जोर लावू शकत नाही. दुसरे अल्फा ग्राहींना, म्हणजे नॉरॲड्रेनलिनचा निरोप घेणाऱ्या पेशींवरील एका प्रकारच्या जागांना चेतवते, त्यामुळे मूत्राशयाचे तोंड आवळते. टॅमसुलोसिन नेमके हेच तोंड सैल करण्यासाठी दिलेले असते, म्हणजे एका दुकानातून आणलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळीविरुद्ध काम करत होती. आमच्याकडे द्राक्षबागेत फवारणी करताना ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाची बाधा झाली की ॲसिटिलकोलीन साचते, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या बारीक होतात, आणि दवाखान्यात ॲसिटिलकोलीनला अडवणारे ॲट्रोपिन टोचतात. क्लोरफेनिरामिनचा कोरडेपणा हा त्याच ॲट्रोपिनचा सौम्य भाऊ समजा. प्रोस्टेट असलेल्या वृद्धाला अशी गोळी विचारल्याशिवाय देऊ नये, आणि आमच्यासारख्या दुकानदारांनीही ती देण्याआधी ‘लघवीचा त्रास आहे का’ एवढे तरी विचारायला हवे.

नाशिकरोड_फिजिशियन

वरील विवेचन योग्य आहे. चक्करेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. आपण उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. मानेतील व महाधमनीतील दाबग्राही हे काही क्षणांत ओळखतात आणि अनुकंपी शाखा रक्तवाहिन्या आवळून व ठोके वाढवून दाब सावरते. टॅमसुलोसिन अल्फा ग्राही अडवते, त्यामुळे वाहिन्या पुरेशा आवळत नाहीत, आणि मेटोप्रोलोल हृदयातील बीटा ग्राही (त्याच निरोपाच्या दुसऱ्या प्रकारच्या जागा) अडवत असल्याने ठोकेही हवे तसे वाढत नाहीत.

माझा सल्ला असा की सुरुवात एमडी मेडिसिन असलेल्या एकाच फिजिशियनपासून करावी. सर्व औषधांच्या पट्ट्या, आणि चक्करेत डोळ्यांच्या थेंबांचाही हात असू शकतो म्हणून थेंबाची बाटलीसुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. वडिलांचा रक्तदाब झोपलेल्या स्थितीत आणि उभे राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभे राहताना दाब घसरतो असे निदान होते. मेटोप्रोलोल स्वतःहून एकाएकी बंद करू नये, कारण त्याने ठोके आणि दाब उसळू शकतात. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसावे आणि मगच उभे राहावे.

गंगापूररोडकर

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. डोळ्यांच्या थेंबांनी चक्कर येऊ शकते, हे मात्र मला पटायला जड जाते.

नाशिकरोड_फिजिशियन

थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तेथून थेट रक्तात शोषला जातो, गिळलेल्या गोळीप्रमाणे यकृताच्या पहिल्या फेरीत तो विघटित होत नाही. टिमोलॉलही बीटा ग्राही अडवणारेच औषध असल्याने मेटोप्रोलोलसोबत नाडी फार मंदावू शकते. म्हणून नाडी मोजून ती फिजिशियनांना आणि नेत्रतज्ज्ञांनाही सांगावी. वडिलांना दम्याचा त्रास असेल तर तेही सांगावे, कारण टिमोलॉल श्वासनलिका आवळू शकते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटे हलकेच दाबून धरला, तर शोषण बरेच कमी होते.

दिंडोरीचा औषधवाला

एक राहिले. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बुबुळाची कड शस्त्रक्रियेत ढिली पडू शकते, आणि गोळी काही दिवस थांबवली तरी हा धोका टळेलच असे नाही. म्हणून मोतीबिंदूच्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचे तारीख ठरवण्यापूर्वीच कळवावे; आधी माहीत असले तर ते त्याप्रमाणे तयारी ठेवतात.