मदत हवी आहे: वहीत बरोबर, टॅबवर चूक

रानजाई (मंगळवार, रात्री १०:४०)
लवकर उत्तर हवंय. मुलाच्या शाळेने गणिताचं एक ॲप सक्तीचं केलंय, रोज २० उदाहरणं. तीच उदाहरणं वहीत घातली की सगळी बरोबर येतात. टॅबवर २० पैकी ८ किंवा ९. रोज रडारड. शुक्रवारी पालकसभा आहे आणि 'गणित कच्चं आहे, जादा तासाला बसवा' असा बाईंचा निरोप आलाय. त्याचं गणित कच्चं नाही, मी रोज त्याच्याजवळ बसते. दुसरं एखादं चांगलं मराठी ॲप सुचवा, म्हणजे सभेत दाखवता येईल. अबॅकस आणि वैदिक गणित नको, प्लीज.

कोयनाकाठ (रात्री १०:५२)
कितवीत आहे? माध्यम कोणतं? ॲपमध्ये नक्की काय विचारतात? काहीच न सांगता उत्तर कसं देणार ताई.

नीलमोहर (रात्री ११:०५)
सरकारचं दीक्षा ॲप बघा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ येतात. पुस्तकात क्यूआर कोडची कल्पना ज्यांनी राबवून दाखवली ते रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, तेव्हा परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवत होते. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. असे शिक्षक हवेत.

रानजाई (रात्री ११:११)
दुसरी. मराठी माध्यम. ॲपला शाळेचं लॉगिन लागतं, नाव सांगून उपयोग नाही. नीलमोहर, व्हिडिओ नकोत हो, त्याला समजलेलंच आहे. उत्तर टाकताना चुकतंय.

भीमथडी (रात्री ११:३०)
टॅबचा टच गेला असेल. स्वस्तातला स्क्रीनगार्ड लावला की कडेचे आकडे नीट दाबले जात नाहीत. काढून बघा.

जुनी_पाटी (बुधवार, सकाळी ६:१५)
सात वर्षांच्या पोराच्या हातात टॅब देणाऱ्या शाळेलाच जाब विचारा. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ म्हणत होतो. संध्याकाळी दिवा लावला की परवचा. आजही दुकानात मशिनच्या आधी माझा हिशोब होतो. तीस दिवस रोज पाढे म्हणून घ्या, ॲपची गरज उरणार नाही.

कोयनाकाठ (सकाळी ८:०२)
काका, वहीत सगळं बरोबर येतंय असं त्या सांगताहेत. पाढ्यांचा इथे काय संबंध?

जुनी_पाटी (सकाळी ८:२०)
पाया पक्का असला की वही आणि टॅब सारखेच. एवढंच म्हणणं आहे माझं.

मोजपट्टी (सकाळी ९:१०)
मला वेगळी शंका आहे. मराठी माध्यमात दुसरीपर्यंत मूल देवनागरी आकड्यांत रुळलेलं असतं. ॲपचा कीपॅड इंग्रजी आकड्यांचा आहे का? आपला ४ आणि इंग्रजी आठ, आपला १ आणि इंग्रजी नऊ, आपला ७ आणि इंग्रजी सहा यांत मुलं हमखास गोंधळतात. माझ्या भाचीचं वर्षभर हेच चाललं होतं. नंतर कीपॅडशेजारी तिच्या हातानेच दोन्ही आकड्यांची पट्टी लिहून चिकटवली.

रानजाई (सकाळी ९:२५)
कीपॅड मराठीच आहे. स्क्रीनगार्ड काल रात्रीच काढला, फरक नाही. कुणी ॲप सुचवेल का?

मणी_मणी (सकाळी १०:००)
तुम्ही नको म्हणालात तरी सांगते, कारण मुलाचं नुकसान होऊ नये. अबॅकसने माझ्या मुलीची एकाग्रता खूप वाढली. सहा महिने करून बघा.

फळा_खडू (दुपारी २:४०)
ताई, मी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. ॲप बदलायच्या आधी एक करा. आज जी उदाहरणं चुकतील ती लिहून आणा. नुसती संख्या नको, ॲपने काय विचारलं आणि मुलाने काय टाकलं, दोन्ही. बरोबर आलेलीही चार-पाच लिहा. तांबडी फुली बघून काहीच कळत नाही.

रानजाई (रात्री ८:५५)
बसून उतरवलंय.
चुकलेली:
४७ + २५, टाकलं २७
३६ + ४८, टाकलं ४८
६२ − ३५, टाकलं ७२
२५ + १५, स्क्रीनवर नुसता ४ दिसला
ऐकून लिहा, 'त्रेचाळीस', टाकलं ३४
'छप्पन', टाकलं ६५
'अठ्ठ्याहत्तर', टाकलं ८७
'एकोणसाठ', टाकलं ६९
बरोबर आलेली:
२६ + १८ = ४४
३८ + १७ = ५५
'तेहेतीस', ३३
एक अंकी उत्तराची सगळी बरोबर.

फळा_खडू (रात्री ९:२०)
सापडलं. ४४, ५५, ३३ बरोबर आलेत, कारण ते कुठूनही टाकले तरी तेच राहतात. बाकी बहुतेक उत्तरं उलटी पडलीत: ७२ चे २७, ८४ चे ४८, २७ चे ७२. ४० चं आधी शून्य, मग चार टाकलंय आणि ॲपने सुरुवातीचं शून्य गाळलंय. तुमच्या मुलाला गणित येतंय.

वहीत आपण उभी मांडणी करतो. ४७ + २५ मध्ये आधी एकक मिळवायचे, एककाच्या घरात २ लिहायचे, हातचा वर घ्यायचा आणि मग डावीकडे दशक. म्हणजे हात उजवीकडून डावीकडे जातो. ते आपणच शिकवलंय आणि ते बरोबर आहे. टॅबचा कीपॅड मात्र पहिला दाबलेला आकडा डावीकडे ठेवतो. मूल वहीच्याच क्रमाने दाबतं आणि उत्तर उलटतं.

ऐकून लिहायचंही तसंच. 'त्रेचाळीस'मध्ये तीन आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. कागदावर मुलं ३ लिहून डावीकडे जागा सोडतात आणि तिथे ४ घालतात. टॅबवर ती जागा मिळत नाही. वहीत तो कोणता अंक आधी लिहितो ते बघा एकदा.

रानजाई (रात्री ९:४८)
सासूबाईंनी आत्ता त्याला पाच आकडे घातले. पाचही वेळा उजवीकडचा अंक आधी लिहिला. इतके दिवस मी लिहून झालेलं उत्तर बघत होते, हात बघितलाच नाही. फार बरं वाटलं, खरंच.

बिट_बाय_बिट (रात्री १०:३०)
मी शैक्षणिक सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मोठ्यांच्या फॉर्ममध्ये असते तीच चौकट मुलांच्या गणिताला लावली की हे होतं. उपाय अवघड नाही: दशक आणि एकक अशी दोन वेगळी घरं द्यायची आणि मुलाला हव्या त्या घरावर आधी बोट ठेवू द्यायचं. शाळेमार्फत कंपनीला लेखी कळवा, उदाहरणांसकट. सरावाला कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं 'मेक अ टेन' बघा, फुकट आहे. त्यात उत्तर टाइप करायचंच नसतं. संख्या ओढून एकमेकींवर टाकायच्या, दहाचा गठ्ठा तयार होताना दिसतो.

श्टुटगार्टकर (रात्री ११:५०)
इथे जर्मनीतही अगदी हेच. ४३ ला 'ड्राय-उन्ट-फिर्त्सिख' म्हणतात, म्हणजे तीन आणि चाळीस. माझी मुलगी पहिलीत ३४ लिहायची आणि मला वाटायचं, घरी मराठी बोलतो म्हणून. तिच्या बाई म्हणाल्या, वर्गातली जर्मन मुलंही असंच लिहितात. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णय घेऊन क्रम बदलला, दशक आधी आणि एकक नंतर. टेलिफोन नंबर सांगताना चुका होत, हे त्यामागचं एक कारण होतं.

जुनी_पाटी (गुरुवार, सकाळी ६:०५)
म्हणजे पुन्हा ते २०१९ चं, एकवीस-बत्तीसऐवजी 'वीस एक, तीस दोन' आलंच! बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ते घातलं तेव्हा किती गदारोळ झाला होता. त्रेचाळीस, सत्तावन्न ही आपली भाषा आहे. ॲपला जमत नाही म्हणून शब्द टाकायचे?

मोजपट्टी (सकाळी ७:४०)
शब्द टाकले नव्हते काका. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हाच सांगत होत्या की पुस्तकात दोन्ही पद्धती आहेत. कानडी, तेलुगूत दशक आधीच येतात. मूल अडखळत असेल तर 'चाळीस तीन म्हणजेच त्रेचाळीस' असं सांगण्यात गैर काय?

जुनी_पाटी (सकाळी ८:१०)
सांगायला हरकत नाही. पण परीक्षेत, बाजारात, घरात त्रेचाळीसच राहिलं पाहिजे. माझी नात शिकली तसा हाही शिकेल.

फळा_खडू (दुपारी १:१५)
मी वर्गात दोन्ही वापरते, भांडण होत नाही. 'त्रेचाळीस' म्हटलं की विचारते, 'यात दशक किती?' मूल म्हणतं चार. मग चारचं बटण आधी. आठवडाभर हा प्रश्न तोंडात ठेवा. बेरीज-वजाबाकी आधी वहीत, आणि झालेलं उत्तर डावीकडून वाचत टॅबवर. वहीतली सवय मोडू नका.
उद्या सभेला ही यादी आणि वही दोन्ही न्या.

रानजाई (शुक्रवार, संध्याकाळी ७:३०)
सभेहून आले. बाईंच्या स्क्रीनवर फक्त गुण दिसतात, मुलाने काय टाकलं ते दिसतच नाही. त्यांनी वही आणि यादी शांतपणे पाहिली आणि तिथेच आणखी तीन मुलांना टॅबवर आकडे टाकायला लावले. दोघांचं अगदी असंच झालं. जादा तास रद्द. कंपनीला शाळा पत्र पाठवणार आहे. आज घरी वहीतून बघून टाकलं तर २० पैकी १८.
उरलेली दोन: एकोणसाठला परत ६९ आणि एकोणतीसला ३९. ही तर उलटी नाहीत. आता हे काय?

फळा_खडू (रात्री ८:१०)
हो, ही निराळी चूक आहे. त्या दिवशीच्या यादीतही एकोणसाठ होतं, तेव्हा मी मुद्दाम बोलले नाही. 'साठ' ऐकून तो ६ घेतो आणि 'एकोण' म्हणजे ९ हे त्याने पाठ केलंय. एकोण म्हणजे एक उणा, हे त्याला अजून दिसलेलं नाही. ही चूक वहीतही होत असणार, नीट बघा. घरी शंभर मण्यांची माळ करा, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. साठपर्यंत बोट न्यायला सांगा आणि मग एक मणी मागे.

रानजाई (रात्री ८:१४)
बघितलं. वहीतही एकोणसाठ ६९ च लिहिलंय, मागच्या आठवड्यात दोनदा. माझ्या नजरेतून सुटलं. मणी उद्या आणते.

भीमथडी (रात्री ८:४०)
स्क्रीनगार्ड परत लावून घ्या, काच महाग पडते.