शालजोडीतले : यातली ‘जोडी’ कुठून आली?

प्रश्न

‘शालजोडीतले दिले’, ‘शालजोडीतून हाणले’ असं आपण सर्रास म्हणतो. मान राखून, गोड शब्दांत, पण वर्मी लागेल असं सुनावणं हा अर्थ ठाऊक आहे. प्रश्न जोडीचा आहे. एका शालीत गुंडाळूनही फटका देता आला असता, मग दोन शाली कशाला? शालीच्या धंद्यातले आणखी काही शब्द मराठीत आहेत का, तेही कुणी सांगावं.

प्रतिसाद

जोडी ही खरीखुरी वस्तू होती. काश्मिरी कानी शाल (लाकडी काड्यांवर गुंडाळलेल्या रंगीत धाग्यांनी मागावर विणलेली) सुलट बाजूने पाहावी तर आरशासारखी स्वच्छ; उलट बाजूला मात्र रंग बदलतो तिथे तिथे धाग्यांच्या सांध्यांचे उंचवटे असतात. ही बाजू झाकायची तर दोन शाली पाठीला पाठ लावून पांघरायच्या किंवा शिवून घ्यायच्या. यालाच दुशाला म्हणतात. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त नोंद केली आहे की पूर्वी लोक शालीच्या चार घड्या घालून ती वापरत, आता नुसती खांद्यावर टाकतात, आणि बादशहांनी ती दुहेरी पांघरायला सुरुवात केली आहे, ती फार शोभून दिसते. पुढे दरबारी मानाची वस्त्रं म्हटली की शालजोडी आलीच. पेशवाईतही तेच.

आता म्हणीकडे या. तिचं पुरतं रूप ‘शालजोडीतून जोडे मारणे’. दोन शालींच्या मधल्या पोकळीत जोडा. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो नुसता सन्मान. शिवाय जोडी आणि जोडा यांचा मेळ कानाला किती छान लागतो! एका शालीने हे साधलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

या जोडीचा सगळ्यात प्रसिद्ध लेखी उल्लेख मात्र दुःखद आहे. 16 मार्च 1846 रोजी अमृतसरचा तह झाला. इंग्रजांनी 75 लाख नानकशाही (शीख राज्याच्या) रुपयांना काश्मीर जम्मूच्या डोगरा राजा गुलाबसिंगाला दिलं आणि आपलं वर्चस्व मान्य असल्याची खूण म्हणून दर वर्षी एक घोडा, पश्म देणाऱ्या उत्तम वाणाच्या बारा बकऱ्या (सहा नर, सहा माद्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या मागितल्या. तहातही शाली मोजल्या त्या जोडीनेच.

बकऱ्या का, तर पश्म म्हणजे त्या बकऱ्यांच्या वरच्या राठ केसांखालची मऊ लोकर. ती लडाख आणि पश्चिम तिबेटच्या थंडीतच धरते. मूरक्रॉफ्ट नावाचा कंपनीचा पशुवैद्य 1812 साली त्यासाठी मानससरोवरापर्यंत गेला होता. त्याने मिळवलेल्या बकऱ्यांपैकी काही स्कॉटलंडपर्यंत पोचल्या, पण जगल्या नाहीत. तरी कच्चा माल आपल्या हाती यावा ही इच्छा सुटली नव्हती, हे तहातलं कलम वाचताना जाणवतं.

प्रतिसाद

माहितीबद्दल आभार. म्हणजे इंग्रजच या धंद्याच्या मुळावर उठले, असं म्हणायचं का? आणि ‘दागशाल’ हा शब्द वाचनात आला होता, तो काय प्रकार?

प्रतिसाद

दागशाल म्हणजे शालींवर शिक्का मारून कर वसूल करणारं सरकारी खातं. दाग म्हणजे छाप, खूण. घोड्यांना डाग देत, गुरांना डागत, तोच हा शब्द. ही वसुली अफगाण अमलात सुरू झाली, शिखांनी चालू ठेवली, डोगरा राजांनी आवळली. 1823 च्या सुमारास मागावर विणलेल्या शालीवर किमतीच्या 26 टक्के कर होता. कपड्यावरचा छाप आणि विणकराच्या अंगावरचा डाग यांत फरक राहिला नव्हता, असं मी म्हणेन, कारण विणकराला आपला कारखानदार सोडून दुसऱ्याकडे जाण्याचीही मोकळीक नव्हती. महिन्याला जेमतेम सात-आठ रुपये मिळवायचे आणि त्यातले पाचेक करात भरायचे.

‘कारखानदार’ हा शब्दही तिथलाच बघा. आपल्याकडे तो साखर कारखान्याशी जोडला गेला. श्रीनगरात तो माग, सूत आणि विणकरांचं कर्ज हाती असलेल्या मालकाचा शब्द होता. विणकर म्हणजे शालबाफ. हाच ‘बाफ’ आपल्या जुन्या ‘बाफ्ता’ कापडातही आहे.

1847 मध्ये शालबाफ काम टाकून पंजाबकडे निघून गेले, तेव्हा गुलाबसिंगाला करात फेरफार करावे लागले. पुढे त्याचा मुलगा रणबीरसिंग याच्या काळात, 29 एप्रिल 1865 ला, श्रीनगरच्या झालदगर भागात शालबाफ दाद मागायला जमले. फौज आली. 28 जण मेले, त्यांतले बरेच पळापळीत पाण्यात बुडून. पुढाऱ्यांना कैदेत टाकलं. हिंदुस्थानातल्या कामगारांच्या लढ्यांचा इतिहास सांगताना आपण मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करतो. झालदगर त्याच्या किती आधीचं आहे हे ध्यानात ठेवायला हवं.

इंग्रजांचं म्हणाल तर कर त्यांनी थेट लावला नव्हता, पण काश्मीर विकत दिलं त्यांनीच, आणि विकत घेणाऱ्याने ती रक्कम रयतेकडूनच भरून काढली. दुसरा घाव बाजारातून आला. एडिंबरा आणि नॉर्विच इथे काश्मिरी शालीच्या नकला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि स्कॉटलंडमधल्या पेझली इथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून विणल्या जात होत्या, आणि छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या यंत्राने (1804) त्या झपाट्याने निघू लागल्या. अस्सल शालीचं मोठं गिऱ्हाईक होतं फ्रान्स. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने ते गेलं, त्याच सुमारास युरोपातल्या बायकांच्या पोशाखाची तऱ्हा बदलली, आणि 1877 ते 79 च्या दुष्काळाने विणकरांची वस्तीच उठवली. मला यातलं कुठलंही एक कारण पुढे करून बाकीची झाकणं पटत नाही.

प्रतिसाद

रफूचं राहिलं! रफू करणे हे क्रियापद आपण फाटक्या कपड्यापुरतं ठेवलंय. काश्मिरात रफूगर हा नव्या मालाचा कारागीर होता. एकोणिसाव्या शतकात मागणी इतकी वाढली की एकच शाल अनेक मागांवर तुकड्यांनी विणत, आणि रफूगर ते तुकडे असे जोडत की सांधा हाताला लागू नये.

आमच्याकडे ‘शालू’ हाही शब्द आहे. तो शालीवरूनच का?

प्रतिसाद

शालू वेगळा धरावा. ती रेशमी जरीची साडी, बनारसी थाटाची. शालीच्या लोकरीशी तिचा संबंध नाही. नावं कानाला जवळची वाटतात इतकंच.

रफूगराबद्दल अगदी बरोबर. त्याच्याच जोडीला ‘अमली’ हा शब्द घ्या. 1803 च्या सुमारास इस्तंबूलच्या व्यापाऱ्यांकडून ख्वाजा युसुफ नावाचा आर्मेनियन आडत्या काश्मिरात आला. मागावर दीड वर्ष लागणारी नक्षी साध्या शालीवर सुईने भरून घ्यायची त्याने चाल पाडली. ही शाल अमली. मूळ शब्द ‘अमल’, म्हणजे काम. आपल्या अंमल, अंमलबजावणीत तोच आहे. अमली स्वस्त पडे, शिवाय दागाचा कर सुरुवातीला फक्त मागावरच्या शालीवर होता, तो हिला लागत नसे. कराच्या धाकाने एक नवी कला उभी राहिली.

आणि या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो ‘तालीम’. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, किंवा नाटकाची तयारी. शालीच्या धंद्यात तालीम म्हणजे कागदाची अरुंद पट्टी. नक्काश चित्र काढी. तराहगुरू ते खालून वर वाचत कुठल्या रंगाचे किती धागे ते मोठ्याने सांगे, आणि तालीमगुरू ते खुणांच्या लिपीत उतरवून घेई. मग ती पट्टी विणकरापुढे ठेवली जाई. कानी शालीला धोटा नसतो. प्रत्येक रंगाचा धागा लाकडी काडीवर गुंडाळलेला असतो, तीच कानी किंवा तुजी. विणकर एका ओळीत अशा कितीतरी काड्या ताण्याच्या धाग्यांमधून आतबाहेर करी. मूरक्रॉफ्टने लिहून ठेवलं आहे की फार बारीक कामात एका मागावर तिघे बसून दिवसाकाठी पाव इंचापेक्षा जास्त विणकाम होत नसे. त्या पट्टीवर चित्र नसतं, नुसत्या खुणा असतात. संपूर्ण नक्षी कशी दिसणार हे विणकराला विणून झाल्यावरच पाहायला मिळे. जकार्डच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांचं पुस्तकांत मोठं कौतुक होतं. तेच काम माणसाच्या आवाजाने आणि हाताने श्रीनगरात चाललं होतं, आणि त्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं, याची खंत वाटते.

प्रतिसाद

एक विनंती. साड्यांच्या दुकानांत हल्ली कोयरीला सर्रास ‘पेझली’ म्हणतात, मराठी लेखांतही तसंच छापतात. त्या स्कॉटिश गावाने नक्षी उचलली ती काश्मिरी शालीवरून. आपल्याकडे कोयरी हा स्वच्छ, आंब्याच्या बाठीची आठवण देणारा शब्द पिढ्यान् पिढ्या आहे. पैठणीवर, दारातल्या रांगोळीत, मेंदीत कोयरीच असते.  कोयरीला पेझली म्हणणं कृपया थांबवा.

प्रतिसाद

कोयरीबद्दल शंभर टक्के सहमत. मूळ प्रश्नाला धरून वापराचं एक सांगतो. ‘शालजोडीतले’ हे नाम म्हणून वापरताना मागे ‘फटके’ किंवा ‘जोडे’ अध्याहृत असतात, म्हणून अनेकवचनच योग्य : ‘त्यांनी शालजोडीतले दिले’. ‘शालजोडीतला दिला’ हे रूप ‘टोला’ किंवा ‘आहेर’ मनात धरून चालतं. ‘शालीतून हाणले’ असं काही जण लिहू लागलेत ते मात्र टाळावं, त्यात जोडीच हरवते.