मदत हवी आहे: सासरी सांगायला आबांचं काम बदलायचं का?

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

मी 26 वर्षांची. जीएनएम केलंय, कराडमध्ये एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. मूळ गाव पाटोदा तालुक्यात, जि. बीड. आईवडील, म्हणजे माय आणि आबा, ऊसतोडीला येतात. दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर इकडे, उन्हाळा लागला की परत. मी आजीजवळ राहून शिकले, तरी दोन अख्खे सीझन कोपीवर (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) काढलेत.

ज्याच्याशी लग्न ठरवतेय तो 29 वर्षांचा, इथून पंधरा किलोमीटरवरच्या गावचा. बारा एकर बागायत, शिवाय खत-औषधांचं दुकान. त्याचे वडील आमच्याकडे ॲडमिट होते तेव्हा ओळख झाली, त्याला तीन वर्षं झाली. जात विचारालच, म्हणून आधीच सांगते: तो मराठा, मी वंजारी. आमच्या जिल्ह्यात या दोन शब्दांवरून सध्या काय वातावरण आहे ते पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नको. पण त्याच्या घरी जातीवरून फारसं ताणलं नाही. त्याच्या चुलतभावाने आधीच लिंगायत मुलगी केलीय. अडलंय ते कोयत्यावर, म्हणजे आईवडिलांच्या ऊसतोडीवर.

त्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा निळं फाटक बघून मी बाहेरच थबकले. ते घर माझ्या ओळखीचं होतं. सातवीत असताना मायबरोबर मी तिथे वाढं विकायला गेले होते. (वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडणारे ते बांधून गावात जनावरांसाठी विकतात, त्यावर रोजचा बाजार निघतो.) मायने पाच पेंढ्यांचे वीस रुपये सांगितले, काकूंनी (म्हणजे त्याच्या आईने) पंधरा केले आणि वर मला तांब्याभर ताक दिलं. काकूंना यातलं काही आठवत असायचं कारण नाही. मला त्या फाटकाची कडीसुद्धा आठवत होती.

आता त्याच काकूंनी मला कपबशीतून चहा दिला आणि विचारलं, "वडील काय करतात गं?" मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "शेती."

तसं ते खोटं नाही. तीन एकर कोरडवाहू आहे, पाऊस झाला तर कापूस होतो. पण त्याने ते किती चटकन म्हटलं! जणू घरून पाठ करून आला होता. गाडीवर परत येताना मी बोलले तर म्हणाला, "पहिल्याच दिवशी कशाला?" तेव्हा मी गप्प बसले. ती माझी चूक.

दोन महिन्यांनी त्यानेच घरी खरं सांगितलं. काकू रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी तोडगा काढला. लग्न करा, आमची ना नाही, पण पाव्हण्यारावळ्यांत सांगायचं की मुलीचे वडील मुकादम आहेत. म्हणजे टोळी आणणारा, कारखान्याकडून पैसे उचलून माणसांना उचल (तोडणीआधीचा ॲडव्हान्स) देणारा. आबांनी या वर्षी मुकादमाकडून एक लाख वीस हजार उचल घेतलीय. ती फिटेपर्यंत ज्याच्यापुढे मान वर करता येत नाही, लग्नात आबांनी तोच व्हायचं!

तो म्हणतो, एका दिवसाचा प्रश्न आहे, काय बिघडतं? मला हसावं की रडावं कळेना. आबांच्या टोळीने मागची दोन वर्षं त्याच गावाच्या शिवारात ऊस तोडलाय. जे मांडवात जेवायला बसणार, त्यातल्या निम्म्यांच्या फडात आबा वाकलेत. आणि मायचं काय? मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, हे वीस-बावीस वर्षं. तिच्या टाळूवर मधोमध केस उरलेले नाहीत. परवा सुट्टीला कोपीवर गेले होते तेव्हा तिला न्हाऊ घातलं, हात तिथे गेला आणि डोक्यात आलं, मुकादमाच्या बायकोचं डोकं असं नसतं.

आबांना लग्नाचं सांगितलंय. फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "निळ्या फाटकाचं घर का? पाणी भरू देत व्हते आपल्याला. मानसं वाईट न्हाईत." मुकादमाची अट मात्र मी त्यांना सांगितलेली नाही. माझी छाती होत नाही. सांगितली तर ते "व्हय" म्हणतील, याचीच जास्त भीती वाटते. माझ्यासाठी ते काहीही व्हायला तयार होतील.

तर काकूंचं ऐकून वेळ निभावून न्यावी का? तसं केलेलं कुणी इथे आहे का, पुढे काय झालं? की सरळ रजिस्टर लग्न करून मांडवाचा प्रश्नच संपवावा? नोटीस घरी जाते, महिनाभर लावतात असं ऐकलंय. माझे चुलतभाऊ तापट आहेत, त्यांना आधी कळलं तर अवघड होईल. आणि खरं विचारायचंय ते हे: त्या दिवशी "शेती" म्हणाला म्हणून मी त्याच्यावर अजून रागावलेली आहे. ताणतेय का मी?

बांधावरचा_बाबू: ताई, जग असंच चालतं. आमच्याकडे शिपायाचा 'ऑफिसात आहेत' होतो आणि कंपाउंडरचा डॉक्टर. मुलगा चांगला, घर खातंपितं, सासू हो म्हणतेय. एका शब्दासाठी एवढं घालवू नका.

मालनताई: बाबू, शब्द एक नसतो हो. मी केलंय हे, म्हणून लिहिते. माझे वडील (आम्ही दादा म्हणायचो) चांभारकाम करायचे, सासरी सांगितलं चपलांचं दुकान आहे. लग्न झालं 1998 साली. त्यानंतर प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक बारशाला तेच दुकान चालवावं लागलं. दादा माझ्याकडे आले की हात खिशात घालून बसायचे, बोटांवरचे आरीचे घट्टे दिसू नयेत म्हणून. सासूबाईंना कधीच कळलं होतं, त्याही बोलल्या नाहीत. दादा गेले, ते दुकान अजून चालू आहे. तू करू नकोस.

तारीख_पे_तारीख: कायद्यापुरतं सांगतो. महिनाभराची नोटीस ही 1954 च्या विशेष विवाह कायद्यातली. दोघांपैकी एक जण किमान 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नोटीस त्या कार्यालयात लावतात. अर्जदाराचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडच्या कार्यालयातही लावायला पाठवतात, म्हणजे तुमच्या बाबतीत बीडला. भावांना कळेल ते त्यामुळे. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता असल्याच कारणांवर. जात आणि वडिलांचा व्यवसाय त्यात बसत नाही. 30 दिवसांनंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत ते उरकावं लागतं, नाहीतर पुन्हा नोटीस.

पण तुम्ही दोघंही हिंदू आहात ना? मग हा रस्ता सक्तीचा नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधीने लग्न लावा, हार घालून चार माणसांत लावलंत तरी आपला रूढ विधी नीट करा, आणि मग नोंदणी करा. गावात ती ग्रामसेवकाकडे होते. तिथे आधीची नोटीस नाही.

भावांकडून खरंच धोका वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर जिल्ह्याजिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी पोलिसांचा विशेष कक्ष असायला हवा. आधीच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. भटक्या जमातीची मुलगी आणि सवर्ण मुलगा या जोडप्याला आंतरजातीय विवाहाचं 50,000 रुपये अनुदानही मिळतं, अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे.

गेवराईकर: मी कोयत्याच्याच घरचा, आता शाळेत शिकवतो. 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 झाला. नवराबायको पहाटेपासून राबले तर दोन टनांच्या आसपास ऊस निघतो. त्या पैशांत तुमच्या आबांनी एक नर्स उभी केली. तुम्ही रागावलाय ते बरोबरच आहे. पण राग त्याच्यावर काढा, काकूंवर नको. काकू निदान अट बोलून तरी दाखवतायत.

बांधावरचा_बाबू: मालनताईंचं वाचून माझा प्रतिसाद मागे घेतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. मालनताई, तुमचं वाचून रात्रपाळीत काही सुचेना. तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. दोन दिवस नाही. मला वाटलं, संपलं.

काल मायचा फोन. म्हणाली, "एक पोरगा आलाय फडावर, तुझं नाव घेतोय." मला न सांगता गेला होता. आबांनी हातातली मोळी बांधून होईपर्यंत त्याला उभं ठेवलं, मग बांधावर बसवलं. मायने कोरा चहा दिला. माझ्यासमोर तो पक्का साखर कमी खाणारा, तिथे दोन कप प्यायला म्हणे. अट काय होती, ती त्याने स्वतःच आबांना सांगितली, आणि तसं म्हणणार नाही हेही सांगितलं. काकू अजून हो म्हणालेल्या नाहीत. घरी दोन दिवस त्याचं-त्यांचं बोलणं बंद होतं, ते मला आता कळलं.

आबा काय म्हणाले विचारलं तर माय हसली. अटीबद्दल एक अक्षर नाही. म्हणाले, "तारीख पट्टा पडल्यावर धरा. मधी खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो."

या वर्षी पट्टा (म्हणजे तोडणीचा सीझन संपणं) मार्चअखेर पडेल असं टोळीत बोलतायत. तारीख_पे_तारीख, ग्रामसेवकाकडे नोंदणीला कागद कुठले लागतात तेवढं सांगाल का? आबांचं आधार कार्ड गावाकडे ट्रंकेत आहे, ते आत्ताच मागवून ठेवते.