एवढा पाऊस पडूनही एप्रिलात विहीर का आटते?

सड्याखालचं घर:
राजापूर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. गेल्या जूनमध्ये पुणं सोडून कायमचा इकडे आलो. ऑगस्टमध्ये विहिरीतलं पाणी वाकून तांब्याने घेता येत होतं. परवा कळशी खाली सोडली तर दगडावर आपटून वाजली. पुण्यात वर्षाला 700-750 मिमी पाऊस, इथे 3000 च्या वर. मग पाणी जातं कुठे? बोअर मारू का?

काजळीकाठ:
बोअरची घाई नको. तळ उघडा आहे तोवर खाली उतरून विहिरीचे थर बघून घ्या. वर तांबडा, भोकाभोकांचा जांभा. त्याखाली पांढरट-पिवळी, ओली असली की साबणासारखी बुळबुळीत माती लागेल, तिला आमच्याकडे शेडी म्हणतात. तिच्याही खाली काळा कातळ. पाऊस जांभ्यातून झरझर खाली जातो, शेडीवर अडतो आणि उताराकडे आडवा चालू लागतो. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला तोच झरा होऊन बाहेर पडतो. तुमची विहीर या वाटेवर आहे. वरून येणं थांबलं की महिन्या-दोन महिन्यांत ती खाली बसणारच.

त्यात पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. सह्याद्री ते समुद्र अंतर जेमतेम 50-60 किमी, नद्यांना उतार भारी. आंबा घाटाकडून निघालेली काजळी बघता बघता भाट्याच्या खाडीला मिळते.

आता माझं दुखणं सांगतो. आमच्या वाडीचा झरा माझ्या लहानपणी मे अखेरपर्यंत वाहायचा. आजी त्यावर गुरं पाजायची, पन्हळीखाली हंडा लावून ठेवायची. वरच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली, जांभा पुरुषभर-दोन पुरुष खोल कापून नेला, आणि आता होळीलाच पन्हळ सुकते. पाणी धरून ठेवणारा दगडच ट्रकात गेला. तुमचा सडा शाबूत असेल तर काहीही करून राखा.

वाशिष्ठीकर:
चिपळूणला उलटं चित्र. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे नदी उन्हाळाभर वाहती. पण उंचावरच्या धनगरवाड्यांना त्याचा काय उपयोग? तिथे टँकरच. आणि बोअरचं म्हणाल तर खाडीजवळ मारूच नका, मचूळ पाणी लागण्याची भीती असते.

सड्याखालचं घर:
आज उतरलो. काजळीकाठ, तुम्ही सांगितलंत तस्संच! साधारण 20 फुटांवर शेडी, आणि पूर्वेच्या अंगाने बोटाएवढी धार अजून आहे. रात्रभर थांबलो तर सकाळी सात-आठ कळशा मिळतात. त्याच बाजूला वर सडा आहे, खाण नाही. घरामागून एक वहाळ जातो, तो डिसेंबरपर्यंत वाहत होता.

काजळीकाठ:
मग बोअरचे पैसे राहू देत. पूर्वेची धार मोकळी ठेवा, तळातला गाळ काढून घ्या. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वहाळाला धार असतानाच विहिरीच्या वरच्या अंगाला बंधारा घाला. डिसेंबरात घालून उपयोग नाही, तोवर पाणी निघून गेलेलं असतं. गोणीत माती भरून, दोन ओळी रचून, मध्ये चिखल ठासायचा. वाडीतली चार माणसं आली तर एका दिवसाचं काम. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आत्तापासून जमवायला लागा, ऐनवेळी मिळत नाहीत. दिवस ठरला की इथे टाका, मी येतो.