श्रीलंकेत अनुराधापुर-पोलोन्नरुवा खरंच गाळायचं का?

सह्यवेडी
‘पायवाट’ यांनी श्रीलंकेच्या सहलीचा कार्यक्रम टाकलाय, त्यातलं हे वाक्य: “सिगिरिया बघितलं की झालं. अनुराधापुर, पोलोन्नरुवा म्हणजे उन्हात विटांचे ढिगारे, ते दिवस एला, याला आणि मिरिस्साला द्या.” (सिगिरिया म्हणजे कातळावरचा किल्ला, अनुराधापुर-पोलोन्नरुवा जुन्या राजधान्या, एला डोंगरातलं गाव, याला राष्ट्रीय उद्यान आणि मिरिस्सा समुद्रकिनारा.) खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

विटांचे ढिगारे? अनुराधापुरचा जेतवनाराम स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता. त्या काळी त्याहून उंच काय होतं, तर गिझाचे दोन पिरॅमिड. आज ७१ मीटर उरलाय, तरी पायथ्याशी उभं राहून वर बघताना मान अवघडते.

आणि पोलोन्नरुवाचं गल विहार! एकाच कातळात कोरलेल्या मूर्ती, त्यात पहुडलेला बुद्ध १४ मीटर लांब. जरा जवळून बघा. डोक्याच्या भाराने उशी किंचित दबलेली आहे, दगडाची उशी. पावलं एकमेकांवर नीट जुळलेली नाहीत, वरचं जरासं मागे सरकलंय. हा नुसता विसावा नाही, महापरिनिर्वाण आहे, हे सांगायला त्या कारागिराला एवढंच पुरलं. चेहऱ्यावरून कातळाचे मूळचे पट्टे गेलेत, तेही त्याने सांभाळून घेतलेत. हे गाळून समुद्रकिनाऱ्यावर लोळायला सांगता?

पायवाट
हो, सांगतो. मी जाऊन आलोय म्हणूनच सांगतो. अनुराधापुरच्या रुवनवेलीसाय स्तूपाला चपला बाहेर काढायच्या, दुपारची वेळ, फरशी तापलेली. सासूबाईंचे तळवे भाजले, धाकटा रडून रडून कडेवरून उतरेना, आणि गाइड राजांच्या वंशावळी सांगतोय. सगळे अभ्यास करायला जात नाहीत हो, काही जण सुट्टीवर जातात. हॉर्टन प्लेन्सला वर्ल्ड्स एंडच्या कड्यावर उभं राहिलं की समोर ८०० मीटरहून खोल दरी असते. तिथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही, सासूबाईसुद्धा गप्प झाल्या होत्या.

माळावरचा
भर दुपारी अनवाणी नेलंत आणि दोष स्तूपाला? सकाळी लवकर जायचं किंवा ऊन उतरल्यावर, पायात मोजे घालायचे. वर्ल्ड्स एंडला नऊ-दहानंतर धुकं चढतं आणि कडा दिसेनासा होतो, म्हणून तिथे पहाटे उठून पोचलात ना? मग तीच तसदी अनुराधापुरसाठी का नाही?

पायवाट
लहान मुलांना घेऊन एकदा फिरा, मग तसदीवर बोला.

रानवाटा
इतिहास की निसर्ग, हे भांडणच या देशात लागू होत नाही. मिन्नेरियाच्या तलावाचं उदाहरण घ्या. जुलै ते सप्टेंबरमध्ये तलावाचं पाणी ओसरतं, काठाला कोवळं गवत उगवतं आणि शेकड्यांनी रानहत्ती जमतात. आता हा तलाव कुणाचा? महासेन राजाने बांधलेला, जेतवनाराम उभारणारा तोच. सतराशे वर्षांपूर्वीच्या बांधाच्या जिवावर आजचं ‘निसर्गदृश्य’ चाललंय.

पण तिथल्या जीपवाल्यांबद्दल कुणीच कसं लिहीत नाही? आम्ही गेलो तेव्हा पिल्लू असलेल्या कळपाला चारी बाजूंनी जीपनी घेरलं होतं. हत्तीण कान फडफडवत पिल्लाला पोटाखाली घेतेय आणि लोक ड्रायव्हरला म्हणतात, अजून पुढे घे. आमच्या ड्रायव्हरला मागे घ्यायला सांगितलं तर म्हणाला, मग बाकीचे पर्यटक टिप देत नाहीत. त्यात आता मोरगहकंद धरणाचं पाणी ऐन त्याच कोरड्या महिन्यांत मिन्नेरियात सोडतात, गवत बुडतं आणि हत्ती उपाशी. त्याचं कुणाला काय!

मळेकरी
‘त्याचं कुणाला काय’ म्हणजे? ते पाणी खालच्या भातशेतीसाठी सोडतात, मजा म्हणून नाही. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाता कामा नये, असं पोलोन्नरुवाच्या पराक्रमबाहू राजाचं धोरण होतं, बाराव्या शतकात. मिन्नेरिया बांधला तोच शेतीसाठी. हत्ती नंतर आले. मी स्वतः टँकरच्या पाण्यावर बाग जगवलीय, त्यामुळे फोटोसाठी तलाव रिकामा ठेवा म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रानवाटा
फोटोसाठी कोण म्हणालं? गवत बुडालं की तेच हत्ती तुमच्या त्याच भातात शिरतात. श्रीलंकेत दरवर्षी या संघर्षात शंभराहून जास्त माणसं मरतात आणि शेकडो हत्ती. पाणी कधी आणि किती सोडायचं एवढंच ठरवायचंय. त्यात शेतकऱ्याचाच फायदा आहे.

मळेकरी
वेळापत्रकाबद्दल असेल तर मान्य. पण तुमची पहिली पोस्ट परत वाचा, तिथे शेतकरी कुठेच नव्हता.

सह्यवेडी
प्रश्न अनुराधापुर-पोलोन्नरुवाचा होता, पण पाण्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. तिथल्या जुन्या तलावांना बिसोकोटुव असतो, म्हणजे बांधातली दगडी चौकोनी विहीर, जिच्यातून पाण्याचा जोर आवरून ते हळूहळू सोडायचे. जे लोक पाण्याला असं वळण लावत होते, त्यांच्या राजधान्या तुम्ही ढिगारे म्हणून सोडून देताय. पोलोन्नरुवाला ‘पराक्रम समुद्र’ नावाच्या तलावाच्या बांधावर संध्याकाळी चाला. तिथे गाइड नाही, फरशी नाही, मुलांना पळायला जागा आहे.

पायवाट
बांधाचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बरं, पोलोन्नरुवा कार्यक्रमात घालतो, गल विहार आणि बांध, अर्धा दिवस. अनुराधापुर मात्र लहान मुलं असतील तर नाहीच, आणि यालाचा दिवस मी कापणार नाही.

सह्यवेडी
अर्धा दिवस अपुरा आहे, पण ‘ढिगारे’ हा शब्द काढा.

चैत्रपालवी
वाद चालू द्या, मला उत्तर हवंय. डिसेंबरअखेरीस जातोय, मिन्नेरियाला हत्ती दिसतील का?

रानवाटा
मोठे कळप नाहीत दिसणार. तेव्हा त्या भागात ईशान्येचा पाऊस असतो, तलाव भरलेला असतो. दक्षिणेला मिरिस्साचा समुद्र मात्र तेव्हा शांत असतो, देवमासे बघायला जा. आणि बोट फार जवळ नेऊ नका म्हणून निघायच्या आधीच बजावा.