विषय: पुनः: पचमढी – गौऱ्या कोण आणतंय?

सहलप्रमुख (सध्या मु. प्रतापनगर)
मंडळी, शुक्रवारी पहाटे पाचला नागपूरच्या झिरो माइलहून निघायचं. तंबू तिथे मिळतील, ब्लँकेटं आपापली. अडलंय ते एवढंच, की रोडग्यांना (जाड कणकेचे गोळे गौऱ्यांवरच भाजायचे ना) साठेक गौऱ्या लागतील आणि दोन्ही गाड्यांच्या डिक्क्या बॅगांनीच भरल्यात. कोणाकडे जागा आहे? आज रात्रीपर्यंत सांगा. रामटेकसारखं ऐनवेळी नको.

धरमपेठच्या काकू
रामटेकचं नाव काढायची गरज नव्हती. गौऱ्या मी आणल्या होत्या, ओल्या निघाल्या त्याला मी काय करू? वांगी, जाड कणीक आणि तूप माझ्याकडे. गौऱ्या यंदा दुसऱ्यांनी बघाव्या.

महालचे भाऊ
काकू, रागावू नका बाप्पा. माझ्या गाडीत बसतील, पण पोत्यात बांधून द्या. मागे सीटवर चुरा सांडला तर बायको मलाच पचमढीत सोडून येईल. रस्ता सौसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असाच ना? तामियाच्या घाटात पोट्ट्यांना उलट्या होतात, आवळासुपारी ठेवा.

वनखात्यातले निवृत्त काका
तुम्ही गौऱ्या मोजून राहिले, पण पेटवणार कुठे? अभयारण्याला धोका होईल अशी आग तिथे पेटवायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० ने बंदी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानालाही तोच नियम. धूपगडावर चूल मांडायचा बेत कोणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. सातपुड्यातलं ते सगळ्यात उंच टोक, १३५२ मीटर. वारा असा की ठिणगी कुठे जाऊन पडेल ते कळणार नाही. खाली साल-सागाचा पाचोळा पडलेला.

सचिव (यंदा येणं जमलं नाही, परदेशातच आहे)
इथे पार्कात प्रत्येक तंबूजवळ लोखंडी कडं असतं, आग त्यातच करायची. लाकूडही दुरून आणू देत नाहीत, त्यातून झाडांना मारणारी कीड पसरते. तिथे अशी सोय नाही का?

महालचे भाऊ
तू बर्फ उपस रे, इथलं आम्ही पाहतो.

सहलप्रमुख
धूपगडावर कोणी चूल मांडत नाहीये, काका. तंबूवाल्याच्या आवारात, त्याला विचारूनच. त्याला फोन लावला तर म्हणतो, कोळशाची शेगडी चालेल, उघडी आग नको. आता शेगडीवर रोडगे कसे भाजायचे ते सांगा. शिवाय फिरायला जिप्सी घ्याव्या लागतील, एकीत सहा जण. आपण चौदा.

खजिनदार
तिसरी जिप्सी दोघांसाठी? मंडळाच्या पैशातून नाही.

महालचे भाऊ
जिप्सीचं काय घेऊन बसले! आम्ही पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वारीच्या यात्रेला बापाच्या मागे रबरी चपलेत गेलो होतो. वाट नागपंचमीच्या आसपासच उघडते, वरून धो धो पाऊस, लोखंडी शिडीवर पुढच्याची टाच आपल्या नाकाशी. वाटेवरच्या भंडाऱ्याच्या पंगतीत गरम खिचडी हातावर घेतली होती, तिची चव अजून जिभेवर आहे. रजत प्रपात मात्र पोट्ट्यांना दाखवाच.

धरमपेठच्या काकू
आणि गुप्त महादेव! त्या अरुंद गुहेत अंग तिरकं करून शिरावं लागतं. काही जणांनी पोटाचा विचार करून ठरवावं.

वनखात्यातले निवृत्त काका
हे माझ्यासाठी असेल तर मी बाहेर चपला सांभाळतो.

धरमपेठच्या काकू
तुमच्यासाठीच होतं. असो. मी गुरुवारी रोडगे घरीच अंगणात गौऱ्यांवर भाजून ठेवते. वाफ जिरली की राख झटकून फडक्यात बांधते. तिथे शेगडीवर फक्त गरम करायचे आणि वांग्याची भाजी. गौऱ्या वीस पुरतात. धरमपेठेत मिळत नाहीत, महालातून पाठवा. वाळलेल्या.

महालचे भाऊ
उद्या पोत्यासह येतो. चहा ठेवा.

खजिनदार
जिप्सीचं अजून ठरलं नाहीये.